सिल्व्हेस्त्रो हे नाव

...आणि पाव कापायचं यंत्र नेमकं तेव्हाच सुरू व्हायला हवं होतं का, सांगा तुम्ही! मी रांगेत उभी, माझ्यापुढे आमच्या चर्चचा सेवेकरी आत्तिलियो, आणि तो बेकरीवालीला हळूच सांगतोय, "आता निवडून येतील ते नवे पोप सिल्व्हेस्त्रो नाव घेणार बघ. का माहितेय? आपल्या कार्डिनल फाउस्तोंच्या त्या गेलेल्या भावा..." आणि घर्रर्र! यंत्र थांबेस्तोवर आत्तिलियो पाव बगलेत मारून रस्त्यापलीकडे. आता मला काय करायचंय म्हणा, मी आपली शेजारीण. पण अर्धी बातमी पोटात घेऊन तीन जिने चढायचे म्हणजे... जीव गुदमरतो हो माणसाचा.

तीन जिने का, तर माझं घर दुसऱ्या मजल्यावर, पण तिसऱ्यावर एर्सिलिया राहते, आम्ही तिला सोरा, म्हणजे बाई म्हणतो. शहाऐंशी वर्षांची. कार्डिनल फाउस्तो हा तिचा धाकटा भाऊ, आणि मधला तो सिल्व्हेस्त्रो. ट्रामवर कंडक्टर होता. दिसायला राजबिंडा, गायला बसला की अख्खं अंगण खिडकीत यायचं. तो पडला प्रेमात, तेही नवऱ्याला सोडून आलेल्या बाईच्या. चर्चमध्ये लग्न लागेना, तर म्हणाला, नाही तर नाही, कचेरीत सही करू. फाउस्तो तेव्हा नुकता बिशप झालेला. तो ना लग्नाला आला, ना पुढे बावीस वर्षांपूर्वी सिल्व्हेस्त्रो गेला तेव्हा मातीला आला. पाठवलं काय, तर फुलांचं चक्र! एर्सिलियाने ते दारातूनच परत पाठवलं. कुणाच्या हातून? माझ्या! बसमध्ये ते एवढं थोरलं चक्र मांडीवर घेऊन मी बसलेय आणि लोक उठून मला जागा देतायत, सांत्वन करतायत... तेव्हापासून बावीस वर्षं. फाउस्तो राहतो दहा मिनिटांवर, पोपसाहेबांच्या भिंतीच्या आत, पण आमचा जिना चढला नाही. आणि एर्सिलियाने त्याला बोलावलं नाही.

तर मी वर गेले. गप्प बसणार होते, देवाशपथ. पण तिने आर्टिचोकची भाजी सोलता सोलता विचारलं, "बाहेर काय म्हणतायत, नुन्झिया?" आणि माझं तोंड उघडलं. म्हटलं, सोरा, अशी अशी बातमी आहे, आणि उरलेली अर्धी मी माझ्या मनाने पुरी केली. म्हटलं, फाउस्तो पोप होणार आणि भावाचं नाव घेणार.

तिच्या हातातली सुरी थांबली. मग म्हणाली, "निवडून आला रे आला की पहिलं हेच विचारतात, तुला कोणत्या नावाने हाक मारायची. आईने ठेवलेलं नाव तिथेच संपतं. मग माणूस कुणाचं नाव घेतो? ज्याचं काही देणं मनात राहिलंय, त्याचंच ना?"

मी म्हटलं, तसंच असणार. मला काय ठाऊक, मी आपली शेजारीण! आमच्या गल्लीत पोर जन्मलं की त्याला कळतं, की पोपचे पांढरे कपडे तीन मापांचे शिवून तयार असतात, लहान, मधलं, मोठं. पण नाव मापाने मिळत नाही. पीटर, म्हणजे पहिल्या पोपचं नाव, कुणी घेत नाही, तेवढी कुणाची छाती नाही. आणि सिल्व्हेस्त्रो तर जवळपास हजार वर्षांत कुणी घेतलेलं नाही.

"तो तोंडाने माफी मागायचा नाही," एर्सिलिया म्हणाली. "लहानपणीही मागत नसे. पण नाव घेतलं तर मी समजेन."

झालं! तिसऱ्या दिवशी धुराड्यातून पांढरा धूर निघाला, म्हणजे नवा पोप ठरला. आणि ही बाई, जी पावाला सुद्धा खाली उतरत नाही, ती काळा कोट घालून, पर्समध्ये सिल्व्हेस्त्रोचा ट्रामच्या टोपीतला फोटो ठेवून, माझ्या दंडाला धरून चौकात. लाख माणूस. आणि मी मनात म्हणतेय, नुन्झिया, तुझ्या जिभेला हाड नाही, आता काय करशील?

तुम्हाला सांगते, सज्ज्यातून आधी माणसाचं खरं नाव पुकारतात आणि नवं नाव अगदी शेवटी. पुकारलं. फाउस्तो नव्हता. बोलिव्हियाचे कोणी कार्डिनल इसिद्रो. एर्सिलियाचा हात माझ्या दंडावरून सुटला. मी म्हटलं, चला सोरा, घरी जाऊ, माझंच चुकलं. आणि तेवढ्यात शेवटचा शब्द आला. सिल्व्हेस्त्रो.

लाख माणूस ओरडायला लागलं हो. सिल्व्हेस्त्रो, सिल्व्हेस्त्रो! ज्याच्या मातीला आम्ही नऊ जण होतो, त्याचं नाव. तिने पर्स छातीशी धरली आणि उभी राहिली. रडली नाही. रडत मी होते. कशाला, विचारा! मला काय करायचंय, मी आपली शेजारीण.

दुसऱ्या दिवशी आत्तिलियोला मी चर्चच्या दारातच धरलं. म्हटलं, उरलेली अर्धी बातमी आत्ताच्या आत्ता बाहेर काढ. तेव्हा बोलला. दर वर्षी सिल्व्हेस्त्रो गेला त्या तारखेला, पहाटे सहाला, आमच्याच चर्चमध्ये बाजूच्या वेदीवर फाउस्तो त्याच्या नावाने मिस्साची प्रार्थना करतो. एकटा. बावीस वर्षं. यंदा हे बोलिव्हियाचे पाहुणे सहज येऊन मागे उभे राहिले आणि नंतर विचारलं, हा सिल्व्हेस्त्रो कोण? पुढचं आत्तिलियोला ऐकू आलं नाही. दोघं रडत होते, एवढं त्याने पाहिलं, आणि बाकीची बातमी त्यानेही माझ्यासारखी मनानेच पुरी केली.

मी हे वर जाऊन सांगितलं. यावेळी एक शब्द पदरचा घातला नाही.

"बावीस वर्षं," एर्सिलिया म्हणाली. "आणि मी इथे."

रविवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मी दार किलकिलं केलं... हवेसाठी. फाउस्तो! लाल टोपी हातात, कठड्याला धरून, मजल्या-मजल्यावर थांबत. म्हातारा झालाय. वर दार उघडलं. एर्सिलियाने विचारलं, "नव्या पोपला ते नाव तू सुचवलंस?"

"शपथ आहे, एर्सिलिया. निवडणुकीतलं बाहेर सांगता येत नाही."

"बावीस वर्षं गप्प राहायला तुला शपथ लागली नव्हती."

त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. मग ती म्हणाली, "आत ये. सूप निवतंय."

आणि दार लावून घेतलं! दोन तास! मी जिना झाडला, कठडा पुसला, पुन्हा जिना झाडला... एक शब्द नाही. आता ते नाव आमच्या सिल्व्हेस्त्रोचं, की जुन्या काळच्या कुणा संत पोपचं, हे कधी कळायचं नाही. पोपसुद्धा दाराआडच निवडतात, मान्य आहे. पण तिथे निदान धूर तरी येतो हो बाहेर.