मिरजेच्या रस्त्यावरची जीप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या धर्मादाय दवाखान्याचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय सिद्धप्पा हत्तुरे, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते डॉक्टर महिपती वाघमोडे, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सोजरबाई वहिनी, सोलापूर शहरातून आलेले निमंत्रित, आणि वळसंगहून ट्रकमध्ये उभं राहून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला डॉक्टरांच्या वैद्यकीय सेवेविषयी बोलायला सांगितलं आहे. पण मी शाळामास्तर. औषधातलं मला काय कळतं? माझ्या आधीच्या वक्त्यांनी डॉक्टरांच्या हाताचा गुण सांगितला, तो आपण सगळ्यांनी अनुभवला आहे. मी त्यांच्या जीपविषयी बोलणार आहे. हसू नका मंडळी. हसण्यासारखं त्यात फार थोडं आहे.

ती जीप महायुद्धातली. लष्करानं लिलावात काढली, तिथून दोनचार हात फिरून आपल्या दवाखान्यात आली. चिखलात, ओढ्यात, नांगरटीतसुद्धा ती चालायची. खडखडाट सगळीकडेच होता, पण डांबरी रस्त्यावर तिचा वेग वाढवला की तिच्या अंगात यायचं. स्टिअरिंग थरथरायचं, टायर घोंघावायचे, वरची ताडपत्री फडफडायची आणि माणूस शेजारच्याच्या कानात ओरडला तरी ऐकू जायचं नाही.

माझी पत्नी सुंदरम्मा आजारी पडली ती बहात्तरच्या दुष्काळानंतर तीनचार वर्षांनी. कर्करोग. छातीतला काढला तर तो पाठीच्या मणक्यात उतरला. मिरजेला किरणांचा शेक देत. बायका त्याला 'लाईट' म्हणायच्या. शेक झाला की घरी यायचं, थोड्या दिवसांनी पुन्हा जायचं. एसटीत तिला बसवेना. रेल्वेनं जावं तर कुर्डुवाडीला गाडी बदलायची. टॅक्सीवाले बाई आडवी आहे म्हटल्यावर पाठ फिरवायचे. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मी नेतो. गाडी दवाखान्याची आहे, आणि दवाखाना कुणासाठी आहे?"

पहिल्या फेरीत काय झालं, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मागं सतरंज्या घालून तिला निजवलं होतं. सोलापूर सोडलं, वेग वाढला, आणि प्रत्येक हादरा तिच्या मणक्यात शिरायला लागला. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. तिचं ओरडणं मला ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. डॉक्टरांनी वेग कमी केला. पण मग प्रवास संपेना. हळू जावं तर दिवसभराची यातना, जोरात जावं तर सहन न होणारी. मिरजेला पोचलो तेव्हा पदर फाटला होता.

परत आल्यावर डॉक्टर थेट हुसेनमिया मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री आज समोरच बसले आहेत. त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "डाक्टरसाब, ये गाडी लडाई के वास्ते बनाए सो है. बीमार के वास्ते नै."

डॉक्टर म्हणाले, "बनवणारे इथं नाहीत मिस्त्री. आपण आहोत."

दोघांनी आधी स्प्रिंगचे काही पाटे काढले. वाटलं, नरम होईल. झाली, पण इतकी की वेगात ती पाळण्यासारखी डोलायला लागली. सुंदरम्मा वाटभर ओकत होती. शेवटी तिनंच डॉक्टरांना सांगितलं, "आदीचं बरं हुतं की. निदान पोटात काय तरी ऱ्हात हुतं." डॉक्टरांचा चेहरा उतरला. पुन्हा गॅरेज. एक पाटा परत घातला, भंगारातल्या एका मोटारीचे, हादरे जिरवणारे शॉकअप बसवले. चिखलासाठीचे खोल नक्षीचे टायर काढून रस्त्याचे साधे टायर चढवले. स्टिअरिंगचं खाली झिजलेलं सगळं बदललं. मागच्या आसातली दातेरी चाकंही बदलली, म्हणजे त्याच वेगात इंजिनाला कमी पळावं लागेल. ताडपत्रीच्या जागी पत्रा आला, पत्र्याला आतून जाड लोकरीचा नमदा. आणि ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांवर एक खाट टांगली, म्हणजे गाडी हादरली तरी खाट हादरायची नाही. दवाखान्याची वेळ संपली की डॉक्टर गाडीखाली शिरायचे. सोजरबाई वहिनींनी ऑइलनं माखलेले किती शर्ट धुतले असतील? एकदा त्या मला म्हणाल्या, "मास्तर, ह्यास्नी झोपेत बी गाडीच दिसतीया."

आणि जानेवारीत एका सकाळी आम्ही निघालो. खरं सांगतो, माझा विश्वास बसेना. काटा चाळीस मैलांच्या पुढं गेला आणि गाडी शांत. घूं असा एक बारीक आवाज, बस्स. मी मागं वळून पाहिलं. सुंदरम्मा डोळे उघडे ठेवून छताकडं बघत होती. तोंडात पदर नव्हता. डॉक्टरांनी आरशातून पाहिलं आणि त्यांना हसू आलं. वर्षभरात त्यांना मी हसताना पाहिलं नव्हतं.

मंगळवेढा मागं पडलं. दोन्ही बाजूंना काळ्या रानात ज्वारी निसवलेली, कणसं वर काढलेली. सुंदरम्मा म्हणाली, "डॉक्टर, गाडी जरा थांबिवता का?"

आम्हाला वाटलं, त्रास होतोय. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. ती म्हणाली, "गाडी लई ग्वाड चालतीया. म्हणून बोलते. इतके दीस बोलायचं हुतं, पर आवाजात कुणाला काय ऐकू जातंय?" मग माझ्याकडं वळली. आम्ही घरात कन्नड बोलतो. ती म्हणाली, "साकु री." म्हणजे, पुरे आता.

मी म्हटलं, "अगं, थोडेच शेक राहिलेत."

"मला तितं न्हाय जायचं. माघारी फिरवा."

मी डॉक्टरांना विचारलं, "राहिलेले शेक घेतले तर ती बरी होईल?" डॉक्टर खाली उतरले. रस्त्याच्या कडेला आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. मग आले आणि म्हणाले, "नाही मास्तर. बरी होणार नाही. थोडे दिवस वाढतील, तेही तिथल्याच खाटेवर." नंतर ते मागच्या बाजूला गेले, खाली वाकले आणि तिलाच विचारलं, "नक्की का ताई?"

ती म्हणाली, "व्हय."

त्या माणसानं आपल्या हातानं घडवलेली गाडी, पहिल्यांदाच धड चाललेली, अर्ध्या वाटेतून माघारी वळवली.

येताना ती सबंध रस्ता बोलत होती. धाकटीला कुठल्या घरी द्यायचं नाही ते सांगितलं. मी सासुरवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा कसा घाबरलो होतो, ते डॉक्टरांना सांगून हसली. लग्नाच्या इतक्या वर्षांत आम्ही एवढं सलग बोललो नव्हतो. शिवरात्रीच्या आधी तिनं घरीच प्राण सोडला. तोवर डॉक्टर रोज येऊन इंजेक्शन देत होते.

त्यानंतर कितीतरी दिवस मला ती जीप डोळ्यासमोर नकोशी वाटे. वाटायचं, गाडी तशीच घोंघावत राहिली असती तर मला काही ऐकू आलं नसतं, आणि ती आणखी थोडी जगली असती. एकदा डॉक्टरांना तसं बोललोही. ते म्हणाले, "मलाही तसंच वाटतं मास्तर." एवढंच. माझी समजूत घातली नाही, हे त्यांचे उपकार. त्यांनी ती खाट काढली नाही. पुढं अडलेल्या बाळंतिणी, मोडलेल्या हाडांची माणसं, साप चावलेली पोरं तिच्यावरून सोलापूरला पोचली. काही वाचली, काही नाही.

आता डॉक्टरांची दृष्टी अधू झाली आहे. ते लेकीकडं इंदापूरला चालले. अध्यक्ष महाराज, राग मानू नका, पण इथं बोललंच पाहिजे. त्यांच्या जागी यायला कुणी तयार नाही, सोमवारपासून दवाखान्याला कुलूप. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून जीपही विकली गेली, एका दगडखाणीवर. दगड वाहायचे म्हणून, आधी काढलेले पाटे परत घालायला घेणाऱ्यानं सांगितलं आहे. काल हुसेनमियांनी खाट सोडवून खाली ठेवली. मी तिथं होतो.

आज सकाळी दवाखान्याच्या पायरीवर केराबाई बसली होती, सुनेला घेऊन. सून पोटुशी, पाय सुजलेले. म्हणाली, "मास्तर, सोमवारी कुटं जायाचं आमी?" सभेत इतकी मोठी माणसं आहेत, म्हणून तिचा प्रश्न जसाच्या तसा आपल्यापुढं ठेवतो.

डॉक्टरसाहेब, वहिनी, आपले आभार मानायला माझी भाषा तोकडी आहे, तरी मानतो. निरोपाच्या प्रसंगी गोड बोलावं, ते माझ्याकडून झालं नाही. कुणाचं मन दुखावलं असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर या मास्तरला सांभाळून घ्या. केराबाई मागं दाराशी उभी आहे. तिला कुणीतरी खुर्ची द्या. मी माझी जागा घेतो.