गळणारं टाकं

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. आठवीतच शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

मी मुलुंडला प्लंबिंगचं काम करतो. गेल्या रविवारी मित्र सचिनबरोबर जावळीकडच्या एका आडवाटेच्या गडावर गेलो. वर कातळात खोदलेली पाण्याची दोन टाकी होती, एकाखाली एक. वरच्या टाक्याच्या भिंतीतल्या भोकातून पाणी गळत होतं.

सचिन म्हणाला, "लीकेज आहे रे! दाखव ना तुझी कमाल."

पुट्टी माझ्या पिशवीत असतेच. भोक बुजवायला बसलो, तेवढ्यात हंडा घेऊन आलेल्या एक मावशी ओरडल्या, "आरं, हात काढ! वर गाळ बसतो आन् निवळ पाणी त्या भोकातनं खाली येतं. वाडीला प्यायला दुसरं पाणी हाय का?"

मी खजील होऊन वाकून पाहिलं. भोक तळापासून बरोबर हातभर वर होतं, आणि तेही नुसत्या छिन्नीने पाडलेलं.

"मावशी, कोणी केलं हे?"

"कुणाला ठावं? पर आजवर दुरुस्ती लागली न्हाई."

माझं काम वर्षभर टिकलं तरी गिऱ्हाईक खूश होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका इमारतीच्या गच्चीवर विचित्र वळवलेला पाइप दिसला. मी पाना खाली ठेवला आणि आधी वॉचमनकाकांना विचारलं, "काका, हा असा का बसवलाय?"