नेरीनाचं लग्न आणि मऊ खेकडे

...आता लग्नाची तारीख ऑक्टोबरात धरायची असते का, तुम्हीच सांगा. आमच्या बुरानो बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की ऑक्टोबरात खेकडे कवच टाकतात, पण जावई पडला पलीकडच्या मेस्त्रे शहराचा, बँकेतला, त्याला रजा तेव्हाच! आणि खेकडा काही कुणासाठी थांबत नाही हो...

म्हणजे बघा, किनाऱ्यावरचा हा एवढासा हिरवट प्राणी, मेलेलं, सडलेलं, काहीही खाणारा, एरवी त्याला कुत्रंसुद्धा विचारत नाही. पण कवच टाकलं की लोण्यासारखा मऊ, अंड्यात बुडवून तळला की हॉटेलवाले आमच्या दाराशी रांग लावतात. मात्र वेळेत उचलला नाही, तर पेटीतले टणक भाऊबंदच त्याला फस्त करतात. म्हणून पाण्यात टांगलेल्या पेट्या सारख्या वर ओढायच्या, मऊ झालेले वेचायचे, पेट्या परत सोडायच्या.

आमची इनेस आदल्या दिवशीच म्हणाली, "अहो, उद्या पेट्यांकडे फिरकलात तर याद राखा. पोरीचा हात धरून तुम्हाला चर्चमध्ये चालायचंय." एकुलती एक मुलगी, मला का कळत नाही? घेतली शपथ. सकाळी कोट चढवला, पेट्यांकडे पाठ करून बसलो, पण जीव तिकडेच... मेव्हणा टोनी हसतोय, "काय दाजी, हात शिवशिवतात वाटतं?" शिवशिवणारच, खेकडा काही कुणासाठी थांबतो का?

पण गेलो नाही, तुम्हाला सांगतो, गेलो नाही! घंटा झाली तसा चर्चच्या दारात हजर. पाहुणे आत, पाद्रीबाबा आत, जावई घामाघूम, आणि नवरीचा पत्ता नाही. विहीणबाई हळूच म्हणतात, "पळून तर नाही ना गेली?" इनेस माझ्याकडे अशी बघते, जणू मीच पळवलीय.

मी तडक पेट्यांकडे. बाईसाहेब पांढरा झगा कमरेला खोचून मऊ खेकडे वेचतायत.

"अगं नेरीना, नवरा खोळंबलाय तिकडे."

"खोळंबू दे बाबा, खेकडा थांबत नाही. आणि शपथ तुम्ही घेतलीत, मी कुठे घेतली? दोन पेट्या राहिल्यात, एक तुम्ही धरा."

काय करणार, धरली. तेवढ्यात इनेस आली आणि दोघांनाही ओढत घेऊन गेली.

चर्चमध्ये पोरीचा ओला, गार हात माझ्या हातात होता आणि माझे डोळे घळाघळा वाहत होते. सगळे म्हणाले, बाप हळवा झाला हो. हळवा झालोच... पण माझ्या हातातली पेटी उपसायची तशीच राहिली होती ना!