वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर

दोन हजार चार सालची गोष्ट. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर अण्णा पानवलकर पालीच्या गाडीच्या रांगेत उभे होते. पुढे मासळीच्या कारखान्यातली दोघं होती. त्यातल्या बाईंचा आवाज एवढा चढला, की अण्णांनी पेपर मिटून काखेत मारला.

"यज्ञेश, जेवायला जाताना काशीरामदादा काट्यावरचा कॉम्प्युटर बंद करायचे, हा काय गुन्हा झाला रे?"

"उल्काताई, तो बंद झाला की सगळ्या कारखान्याचं नेटवर्क रखडायचं."

"का पण?"

"कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारे आपले सहा स्विच रिंगमध्ये, गोलात जोडलेत. रिंगची वायर तुटली, तर स्विच बाकीच्यांना कळवतो आणि सगळे माहिती धाडायच्या पाठ असलेल्या वाटा विसरून नव्या शोधतात. काट्याजवळचा स्विच मात्र साधा कॉम्प्युटर बंद झाला तरी तीच बोंब ठोकायचा."

"म्हणजे बोंबलायचा तुझा स्विच, आणि मेमो दादांना!"

"काल सेटिंग बदललं ना. आता कॉम्प्युटर बंद झाला, तर स्विच कुणाला कळवत नाही."

"मेमो बोर्डावर लागला, तो चाळीस जणांनी वाचला. चूक दादांची नव्हती, हे कुणाला कळवलंस?"

"साहेबांना. ते म्हणाले, मिटलं ना, मग उगाच वाच्यता कशाला?"

"आणि दादांना?"

गाडी लागली. रांग सरकली, यज्ञेश मात्र जागचा हलला नाही.

"आज जेवायलाही उठले नाहीत ते, मेल्या! डबा कॉम्प्युटरपाशीच उघडला, कुणी चुकून बटण दाबील म्हणून."