कार्टूनातल्या पोराचा नवस

तुम्ही हसान गा, पण आमच्या म्हातारीनं, म्हंजे माह्या बायकोनं, एकदा कार्टूनातल्या पोरासाठी नवस केला होता. तेव्हा सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत एकच टीव्ही होता, शेजारच्या शांताबाईकडे. दर रविवारी आम्ही तिथं जाऊन बसत होतो. कार्टूनातलं ते सोळा-सतराचं पोरगं उडून उडून लोकाइले वाचवे. एका रविवारी त्याची ताकदच गेली, ते उंच माडीवरून खाली पडतच होतं, अन् तेवढ्यात लाइट गेली.

म्हातारी घरी आली, पण घास उतरेना.

"अजी, त्या लेकराचं काय झालं असन?"

"अवं, ते चित्र आहे. जेव आता."

ऐकते कुठं! भिंतीवरच्या क्यालेंडरातल्या मारुतीले म्हणाली, "पोरगं वाचलं तर शिरा करीन."

पुढच्या रविवारी पोरगं पुन्हा उडालं. हिनं तुपातला शिरा करून गल्लीभर वाटला.

मी म्हणलो, "चित्रासाठी एवढं तूप काहून वं?"

तिनं मारुतीकडे बोट दाखवलं. "हेबी चित्रच आहे ना जी? मंग यानं माह्यं ऐकलं कसं?"

मी हात जोडले, अन् अजून थोडा शिरा मागितला.