मेडनहेड ते मार्लो, सात मैल

मंगळवार होता की बुधवार, तेच आठवत नाही बघा... आणि तिथूनच माझी पंचाईत सुरू होते, कारण ज्याला वार आठवत नाही त्यानं इंग्रजांच्या वेळापत्रकाला नावं कोणत्या तोंडानं ठेवायची? पण ठेवणार! तुम्हाला सांगतो मंडळी, या देशात गाडी नसलेला माणूस हा माणूसच नाही. मेडनहेड ते मार्लो, अंतर किती? सात मैल. सात! नागपुरात सात मैल मी सायकल हाणत परीक्षेच्या सुपरव्हिजनला जायचो, तेही मेच्या उन्हात!

आता मार्लोला मुळात जायचं कशाला? तर परीक्षा होती. माझी! त्याला आठ-नऊ वर्षं झाली. आमची ही गेली, नागपूरच्या घरी मी एकटा, आणि चिरंजीव अनिश इथे मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये. मी उन्हाळ्यात दोन महिने आलो, तर यानं ठरवूनच टाकलेलं. "बाबा, घर विकू. तुम्हाला एकट्यानं जमत नाही आता." काय जमत नाही? छत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, एका पोराला ग्रेसचा मार्क दिला नाही, एकोणचाळीसवाल्याला एकोणचाळीसच, आणि मला जमत नाही? आतून धाकधूक होतीच म्हणा. गॅस बंद केला का हे बघायला मी तेव्हाही जिन्यावरून दोनदा परत जायचो... तीनदा. पण ते त्याला कशाला सांगा?

तर अनिश म्हणाला, "ठीक आहे. टॅक्सी नाही, मला फोन नाही. एकट्यानं मार्लोला जा, तिथल्या पुलाजवळ फोटो काढा, पाचच्या आत घरी या. जमलं तर घर विकायचं नावही काढणार नाही." आणि आमची सून, ऋचा, दारात म्हणते, "बाबा, फक्त एक. इथे बसमागे हात हलवत धावायचं नसतं हं. शांत उभं राहायचं." हे वाक्य लक्षात ठेवा!

निघालो. छत्री, दोन स्वेटर, बीपीच्या गोळ्या, पोळीभाजीचा डबा आणि माझ्या अक्षरात उतरवलेलं वेळापत्रक. मार्लोला ट्रेन जाते, इवलीशी, दोन डब्यांची. बसलो. वाटेत बोर्न एंड नावाचं स्टेशन आलं. ड्रायव्हर उतरला, पिशवी खांद्याला लावून रमतगमत मागच्या टोकाला गेला, तिथल्या केबिनमध्ये चढला... म्हणजे गाडी आता उलटी निघणार! म्हटलं, मेलो, ही परत मेडनहेडला चालली! धडपडत उतरलो. गाडी सुटली. कुठे गेली? मार्लोला!! तिथले रूळच तसे आहेत म्हणे, उलटं फिरल्याशिवाय गाडी मार्लोला जातच नाही. अहो, मग एवढी मोठी गोष्ट माणसाला आधी सांगायची की नाही? प्लॅटफॉर्मवर एक बाई होती, कुत्र्यासकट. म्हणाली, "नेक्स्ट वन्स इन ॲन अवर, लव्ह. हॅवंट यू गॉट अ कार?" नाही हो बाई! माझ्याकडे एमएस्सी आहे, पीएचडी आहे, कार नाही!

बाहेर रस्त्यावर बसचा थांबा. उभा राहिलो. शांत! बस आली, मी ताठ, सभ्य, रांगेत... रांगेत मी एकटाच, पण रांगेत. आणि बस थांबलीच नाही! ड्रायव्हरनं मला हात केला, मीही केला, तोवर तो वळणापलीकडे. नंतर कळलं, इथे लांबूनच हात दाखवावा लागतो, नाहीतर त्यांना वाटतं म्हातारा हवा खातोय. ऋचाबाई, धन्य! सात मैल, मंडळी, सात... आणि मी साडेचार मैलांवर अडकलेला!

एवढ्यात एक पांढरी मिनीबस आली आणि थांबली. हात न दाखवता! दार उघडलं, पायरी आपोआप खाली आली, आतून एक गोल चेहऱ्याच्या बाई, "मार्लो, डार्लिंग?" मी म्हटलं, येस मॅडम. पैसे काढले तर घेईनात. पट्टा स्वतः बांधून दिला. नाव विचारलं. मी मेश्रामचं स्पेलिंग सांगितलं. जन्मतारीख विचारली, मुलाचा फोन नंबर विचारला, चहात साखर किती विचारली. एका कागदावर माझी सही घेतली. म्हटलं, वा! याला म्हणतात सार्वजनिक वाहतूक! बाकीचे प्रवासीही सगळे कसे माझ्याच वयाचे, शांत...

मार्लोला एका हॉलसमोर सगळे उतरले, मीही उतरलो. पलीकडे पूल दिसत होता. पण बाईंनी दंड धरून आत नेलं. आत काय? खुर्च्यांचं गोल रिंगण! खुर्चीत बसून हात वर, हात खाली, पाऊल गोल फिरवा. शेजारी डेरेक नावाचे आजोबा. त्यांना विचारलं, ही बस दिवसातून किती वेळा असते? म्हणाले, "वन्स अ वीक. फर्स्ट टाइम? यू'ल गेट यूज्ड टु इट." मी भिंतीकडे पाहिलं. पाटी होती... एकट्यानं न जमणाऱ्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळायचं केंद्र!

म्हणजे बघा, ज्यातून सुटायला घराबाहेर पडलो, त्यातच सही करून येऊन बसलो! तिथल्या तिथे उठायला हवं होतं. उठलो का? नाही. कस्टर्ड यायचं होतं. आधी वाटाण्यांचा हिरवा लगदा आला, आपण बाळाला सुद्धा देणार नाही असला, तोही खाल्ला. बाईंनी पुलाजवळ माझा फोटो काढून दिला. परतीला गल्लीच्या तोंडाशीच उतरवा म्हणून हात जोडले आणि शेवटची दोनशे पावलं ऐटीत चाललो. चार वाजून पस्तीस मिनिटं!

अनिशनं फोटो बराच वेळ पाहिला. "एकट्यानं?" मी म्हटलं, एकट्यानं. "पास, बाबा." आणि खरंच, पुन्हा त्यानं घर विकायचं नाव काढलं नाही. आठ वर्षं मी नागपुरात माझ्या घरात, माझ्या गॅसपाशी, राजासारखा राहिलो.

गेल्या वर्षी गुडघेच बोलायला लागले, तेव्हा मीच म्हटलं, ने बाबा इकडे. आणि अनिशनं नाव घालायला नेलं कुठे? त्याच हॉलमध्ये! टेबलाशी तरुण मुलगी. तिनं नाव टाइप केलं आणि म्हणाली, "ओह, ही इज ऑलरेडी विथ अस!" अनिश एकदम छताकडे बघायला लागला. मुलीनं जुना कागद छापून माझ्या हातात दिला. खाली माझी सही. सहीखाली बाईंचं अक्षर... 'स्वभाव शांत. कस्टर्ड दोनदा घेतलं. अकरा वीसला मुलाला फोन केला. मुलगा म्हणतो, राहू द्या, पाचच्या आत घरी सोडा, आणि मला कळवलंत हे त्यांना सांगू नका.'

छत्तीस वर्षं, मंडळी! एकालाही दिला नाही हो मी ग्रेसचा मार्क...

कागदावर तारीख होती. घरी येऊन जुनं कॅलेंडर काढलं, ताडून पाहिलं. दोनदा. तीनदा.

बुधवार होता.