डावीकडचा घास

जबाब

नाव: श्रीमती शारदा विद्याधर लघाटे, वय ७२ वर्षे, धंदा: निवृत्त शिक्षिका, राहणार: दतिया गेटच्या आत, झाशी, उत्तर प्रदेश.

मी आज झाशी येथील पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, अमरावतीहून आलेल्या तपास पथकाच्या साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझी नात कश्मिरा हिच्यासह राहते. आमचे घराणे सात पिढ्या झाशीत आहे. माझा धाकटा भाऊ श्रीकृष्ण पुराणिक नोकरीनिमित्त अमरावतीला गेला व तेथेच राहिला. त्याची पत्नी हयात नाही. मुलगा अमोघ कॅनडात असतो. श्रीकृष्णाची दृष्टी काचबिंदूने गेली होती व तो एकटा राहत असे. गेल्या वर्षी मार्गशीर्षात तो झोपेत वारला. हृदय बंद पडले असे सांगण्यात आले व आम्ही ते मानले.

कौशिक गणू, वय अंदाजे पंचेचाळीस, मूळ राहणार मॉरिशस, यास मी ओळखते. तो यंदा चैत्रात झाशीत आला. त्याच्या खापरपणजोबास रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर नेले होते, त्यांचे नाव गणू, तेच पुढे आडनाव झाले, असे तो सांगे. तो मराठी सावकाश आणि जपून बोले. आपल्या माणसांच्या रीती शिकायला आलो आहे, असे त्याचे म्हणणे होते.

झाशीत मराठी घरे मोजकीच उरली आहेत. मुले पुण्या-बंगळूरला गेली, नातवंडे हिंदीत उत्तरे देतात. अशात समुद्रापलीकडून कोणी येऊन म्हणतो, मला आपल्या रीती शिकवा, तर आम्ही विरघळणारच. त्याचा व्हिसा केव्हाच संपला होता, हे मला साहेबांकडून आज कळले. आमच्यापैकी कोणी त्याच्याकडे एकही कागद मागितला नाही. आडनाव कसे पडले ते मात्र सगळ्यांनी विचारले.

पूर्वी गरीब विद्यार्थी आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी जेवत. त्याला वार लावून जेवणे म्हणत. सिव्हिल लाइन्समधील सुनीता खेर यांनी कौशिकसाठी ती चाल पुन्हा काढली. मंगळवार त्यांचा, बुधवार माझा, शुक्रवार सुभाषचंद्र बापट यांचा. बापट कारखान्यात इंजिनियर होते व निवृत्तीनंतर इथेच राहिले. इतर वारही लोकांनी हौसेने घेतले. माझ्याकडे तो बाराच्या सुमारास येई. ताट कसे वाढायचे, पाणी कसे फिरवायचे, सगळे विचारी आणि एकदा सांगितले की कधी चुकत नसे. असा विद्यार्थी मला चाळीस वर्षांत वर्गात मिळाला नाही, असे मी चारचौघांत म्हटले आहे.

आषाढात सुनीताबाई वारल्या. भाद्रपदात बापट वारले. दोघेही एकटे राहत, दोघेही अंथरुणातच सापडले. वये झाली होती, कोणाला शंका आली नाही. कौशिकने दोघांना खांदा दिला. रडलाही.

साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, त्याच्यात वावगे असे एकच दिसले होते. बापट ताकात लिंबू पिळत. ते गेल्यावर कौशिक माझ्याकडे ताकात लिंबू पिळू लागला. सुनीताबाई उठताना गुडघ्यावर हात ठेवून "चला बाई" म्हणत. त्या गेल्यावर एके दिवशी तोही गुडघ्यावर हात ठेवून "चला बाई" म्हणाला आणि उठला. कश्मिरा हसली. मला हसू आले नाही. त्याचे स्वतःचे म्हणून काय होते, बोलण्यात किंवा खाण्यात, हे मी पुष्कळ आठवून पाहिले. मला काही सापडले नाही.

गेल्या बुधवारी तो नेहमीप्रमाणे जेवायला बसला. वरणभात, बटाट्याची भाजी व कढी होती. त्याने ताटाभोवती पाणी फिरवले व उजवीकडे चित्राहुती, म्हणजे भाताची चार शिते, ठेवली. हे मीच शिकवले होते. मग त्याने ताटाच्या डावीकडे एक मोठा घास ठेवला, त्यावर तळहात धरला आणि हळूच म्हणाला, "तूही जेव."

ही चाल माझ्या माहेरची, पुराणिकांची आहे. सत्तावन्नच्या गदरात झाशीतून पळताना आमच्या पणजोबांचा धाकटा भाऊ बेतवा नदीच्या काठी उपाशी गेला, त्याच्या नावाचा तो घास असतो. जगात दुसरे कोणी हे करत नाही. माझ्या सासरी नाही. मी कौशिकला ते कधी सांगितलेले नाही. अमोघही करत नाही, तो काट्या-चमच्याने जेवतो. करणारा एकटा श्रीकृष्ण होता.

मी पोळी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले. तेथे कश्मिराला सर्व सांगितले. ती मागच्या दाराने शेजारी गेली व तिथून पोलिसांना फोन केला. "घर में आदमी घुस आया है, दादी को मार डालेगा, जल्दी आइए," असे ती म्हणाली. हे त्या वेळी खोटे होते, पण मुलीने डोके वापरले.

मी पोळ्या घेऊन बाहेर आले. यजमानीण वाढत असताना पानावरून उठायचे नाही, हे मी त्याला पहिल्याच बुधवारी शिकवले होते. म्हणून मी वाढत राहिले. पोळी, भात, कढी, पुन्हा पोळी. तूप ताटाबाहेर सांडले. तो एकदाही नको म्हणाला नाही. मला तो पळून जाण्याची भीती होती, आणि तो काही सांगायच्या आत पोलीस येतील याचीही होती. माझ्या भावाचे काय झाले, हे सांगणारा दुसरा कोणी नव्हता. शेवटी मी विचारले.

"डावीकडचा घास कोणी शिकवला रे?"

"श्रीकृष्णदादांनी. तुमचा पत्ताही त्यांनीच दिला, अक्का. म्हणाले, आत्याला भेटून ये. मला वाटलं, तुम्ही आधीच ओळखाल."

"त्याला काय केलंस?"

"काही नाही. त्यांना दिसत नव्हतं. मी दारात उभा राहिलो, तर म्हणाले, अमोघ का? मी नाही म्हणालो नाही. त्यांनी स्वतः भात केला, मला वाढला. मग माझा हात धरून म्हणाले, आलास ना, आता मी झोपतो."

"मग?"

"मग मी झोपवलं."

एवढे सांगून त्याने भात मागितला. मी वाढला. का मारलेस, असे मी विचारले, त्यावर तो म्हणाला, "एका जेवणात त्यांच्याकडचं सगळं शिकून झालं होतं." माझ्याकडचे किती शिकायचे राहिले आहे, हे मी विचारले नाही. मला विचारायचे धैर्य झाले नाही. इतक्यात पोलीस आले. त्याने हात धुतला, ताटाला नमस्कार केला व त्यांच्याबरोबर गेला.

त्याच्या खोलीत नऊ वाट्या मिळाल्याचे मला सांगण्यात आले व त्या दाखवण्यात आल्या. प्रत्येक वाटीवर वेगळ्या घरची नावे कोरलेली आहेत. एक सुनीताबाईंची, एक बापटांची. स्टीलच्या एका वाटीवर श्रीकृष्ण व माझी भावजय रश्मी यांची नावे आहेत. ती त्यांच्या लग्नातली आहे. ती मी ओळखली. उरलेल्या सहा घरांना मी ओळखत नाही. माझी वाटी त्यात नाही.

श्रीकृष्णाने अमोघ समजून घरात घेतले, ही कथा कौशिक गणू रचत नाही कशावरून, असे साहेबांनी विचारले. त्यावर सांगते की, श्रीकृष्ण वारला त्या संध्याकाळी त्याचा मला फोन आला होता. "अक्का, अमोघ आलाय," एवढेच बोलून त्याने ठेवला. म्हातारपणी मनात येते ते खरे वाटते, असे मी समजले. त्याचा आवाज आनंदाचा होता.

हा भाग अमोघला वाचायला मिळू नये, अशी माझी विनंती आहे. तो सहा वर्षांत एकदाही आला नव्हता आणि हे त्याला सोसणार नाही. जबाबातून हा भाग वगळता येत नाही, असे साहेबांनी सांगितले.

हा जबाब साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला व मी तो नीट ऐकला. माझ्या सांगण्याप्रमाणे लिहिला आहे. "आनंदाचा" हा शब्द लिहिताना गाळला गेला होता, तो माझ्या आग्रहावरून पुन्हा घालण्यात आला. आता जबाब बरोबर आहे.

(सही) शारदा विद्याधर लघाटे